शिल्पाला टेकून नाचताना: शिल्प, नृत्य आणि प्रेक्षक एकाच प्रयोगात कसे आणावेत

नर्तक शिल्पाला टेकतो तेव्हा शिल्प त्याचं वजन घेतं आणि नर्तकाच्या अंगाला शिल्पाचं वजन कळतं. त्याच वेळी एखादा प्रेक्षक पुढे येऊन शिल्पाच्या दुसऱ्या कडेवर हात ठेवतो. त्याच्या तळव्यापर्यंत नर्तकाचा भार पोहोचतो. नर्तकाने श्वास घेतला तरी तो लाकडातून जाणवतो. हा क्षण कसा घडवायचा, त्याची पूर्ण कृती या लेखात आहे.

ही कृती एका विश्वासावर उभी आहे: शिल्प आणि नृत्य यांची समाईक भाषा म्हणजे वजन. शिल्पकार आयुष्यभर गुरुत्वाकर्षणाशी झगडतो आणि नर्तकही तेच करतो. प्रेक्षकाला शिल्पकला कळत नसेल, नाचता येत नसेल, पण स्वतःचं वजन सांभाळायला तो वर्षाचा असताना शिकला आहे. त्याला प्रयोगात आणायची वाट तिथूनच जाते.

विचार जुना आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेयांकडे मूर्ती घडवण्याची विद्या मागतो, तेव्हा उत्तर मिळतं की चित्रसूत्र (चित्रकलेचे नियम) कळल्याशिवाय मूर्ती कळत नाही आणि नृत्त (शुद्ध नृत्य) कळल्याशिवाय चित्रसूत्र समजणं अवघड आहे. विसाव्या शतकात शिल्पकार इसामू नोगुची यांनी नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहमसाठी जे घडवलं त्यातही हेच दिसतं. १९४६ सालच्या ‘केव्ह ऑफ द हार्ट’ या नृत्यासाठी त्यांनी पितळी तारांची एक रचना केली. ग्रीक पुराणकथेतल्या मीडिया या स्त्रीची भूमिका करणारी नर्तकी ती अंगावर घेऊन हलते. ती रचना नुसती मांडून ठेवली तर शिल्प असते, नर्तकी आत शिरली की पोशाख होते आणि तारा थरथरू लागल्या की तिचा राग होते.

सुरुवात: दोघांनी एकाच खोलीत

सर्वांत मोठी चूक आधी सांगतो, कारण ती मी स्वतः केली आहे. शिल्प कार्यशाळेत बनत होतं, नृत्य तालमीच्या खोलीत बसत होतं आणि प्रयोगाच्या दोन दिवस आधी दोन्ही एकत्र आलं. वेल्डिंगचे सांधे घासलेले होते, दिसायला गुळगुळीत होते. पहिल्याच तालमीत नर्तकी त्यावरून घसरत खाली आली आणि तिच्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंत सालटी निघाली. डोळ्याला गुळगुळीत वाटणारं आणि घसरणाऱ्या कातडीला गुळगुळीत वाटणारं यात केवढा फरक असतो, हे मला त्या दिवशी कळलं. उरलेले दोन दिवस ती शिल्पाला घाबरून नाचली. प्रयोग झाला, पण दोघांमधला विश्वास परत आला नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही घडवू नका. खोलीत हाताशी असतील त्या वस्तू आणा: शिडी, रिकामं पिंप, जाड दोर, लाकडी पेट्या, जुनी गादी, एखादी जड गोणी. शिल्पकारानेही अनवाणी व्हावं, जमिनीवर लोळावं, पेटीवर चढावं. नर्तकानेही हातात हातोडी आणि करवत घ्यावी. रोज एका वस्तूबरोबर अर्धा तास घालवा आणि प्रत्येकाने चार प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. ही वस्तू कुठे वजन घेते? कुठे नाकारते? कुठून ढकलली तर आवाज करते? कुठे हात आपसूक जातो?

शेवटच्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. हात जिथे आपसूक जातो, तिथेच उद्या प्रेक्षकाचाही हात जाणार आहे.

नृत्यरचनाकार सिमोन फोर्टी यांची १९६१ची ‘स्लँट बोर्ड’ ही रचना अशा शोधाचा नमुना आहे. सुमारे ४५ अंशांत तिरका ठेवलेला लाकडी तक्ता, त्याला बांधलेले गाठींचे दोर आणि त्यांना धरून इकडून तिकडे जाणारे लोक. वेगळं नृत्य बसवायची गरजच पडत नाही. तक्त्याच्या उतारावर टिकून राहण्याची जी धडपड होते, तेच नृत्य. पहिल्यांदाच असा प्रयोग करणाऱ्यांना मी हाच रस्ता सुचवेन. आकार कमी ठेवा आणि अडचण खरी ठेवा.

प्रेक्षकाला एकच क्रियापद द्या

घडवायला घेण्याआधी एका कागदावर एकच क्रियापद लिहा: धरणे, ढकलणे, टेकणे, वाहून नेणे, उघडणे, झाकणे. प्रेक्षक हेच करणार. दोन क्रियापदं लिहावीशी वाटली तर दोन वेगळे प्रयोग करा. ‘प्रेक्षकांनी हवं ते करावं’ असं म्हणणाऱ्या प्रयोगात बहुतेक माणसं भिंतीला चिकटून उभी राहतात आणि दोन-तीन धीट माणसं सगळी जागा व्यापतात.

क्रियापद ठरलं की शिल्पाचा आकारच ते सांगेल असं बघा. ब्राझीलच्या कलाकार लिजिया क्लार्क यांनी १९६०च्या सुमारास बिजागऱ्यांनी जोडलेल्या धातूच्या पत्र्यांची शिल्पं केली. ती हातात घेऊन उघडायची, मिटायची, पलटायची. बिजागरी दिसली की हाताला काय करायचं ते आपोआप कळतं. ब्राझीलचेच कलाकार एलिओ ओइतिसिका यांनी १९६४पासून अंगावर घेऊन नाचायची कापडी शिल्पं केली. कापड खांद्यावर आलं की माणूस आपोआप गिरकी घेतो. शिल्पाशेजारी ‘कृपया स्पर्श करा’ अशी पाटी लावावी लागत असेल, तर पाटी काढून आकार बदला. मुठीत मावणारी जाडी (३ ते ४ सेंमी), तळव्याला बसणारा खोलगटपणा, कमरेच्या उंचीची कड आणि इतर भागांपेक्षा वेगळा, उबदार पृष्ठभाग या चार गोष्टी पाटीपेक्षा चांगलं बोलतात. धातूच्या शिल्पावर फक्त धरायच्या जागी लाकूड किंवा सुती दोर गुंडाळा. हात तिथेच जातो.

एक शिल्प जवळून: डोलपाट

आता एकच शिल्प सुरुवातीपासून घडवू. क्रियापद आहे ‘धरणे’. आकार म्हणजे वरून सपाट आणि खालून कमानीसारखा गोल असा लाकडी पाट, जो डोलतो. मी त्याला डोलपाट म्हणतो. दिसायला साधा आहे, पण शिल्पातलं भौतिकशास्त्र स्वतःच नृत्य कसं बसवतं हे त्यात स्पष्ट दिसतं.

पाटाची लांबी ११० सेंमी, रुंदी १०० सेंमी, मधली उंची २२ सेंमी. खालची कमान ८० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे. ती १८ मिमी प्लायवूडच्या तीन उभ्या फळ्यांतून कापायची: दोन बाजूंना, एक मध्ये. बाजूच्या फळ्या पाटाच्या कडेला लावू नका, १५ सेंमी आत घ्या, म्हणजे कड धरणाऱ्याची बोटं कमान जमिनीला टेकते तिथवर पोहोचणार नाहीत. फळ्यांना दर २० सेंमीवर आडवे तुकडे जोडा आणि कमानीखाली रबराची पट्टी चिकटवा. जमीन खराब होत नाही आणि डोलण्याचा आवाज मऊ येतो. हे सगळं मिळून साधारण ३० किलो भरतं.

आता गंमत बघा. कमान ज्या वर्तुळाचा तुकडा आहे, त्याचं केंद्र जमिनीपासून ८० सेंमीवर येतं. पाट आणि त्यावरचा माणूस यांचा मिळून गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं तो बिंदू) या केंद्राच्या खाली असेल, तोवर पाट कलला तरी आपण होऊन सरळ येतो. तो केंद्राच्या वर गेला की कललेला पाट आणखी कलत जातो.

समजा नर्तकाचं वजन ६० किलो आहे. तो पाटावर बसला तर त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ४७ सेंमीवर असतो. पाटाचा स्वतःचा १५ सेंमीवर धरू. दोघांचा मिळून हिशेब ३६ सेंमीच्या आसपास येतो. म्हणजे बसलेला किंवा आडवा पडलेला नर्तक कितीही डोलला तरी पाट त्याला पाळण्यासारखा परत आणतो. तोच नर्तक उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य पायांपासून ९० सेंमीवर, म्हणजे जमिनीपासून ११२ सेंमीवर जातो. दोघांचा मिळून हिशेब जेमतेम ८० सेंमी. अगदी सीमेवर! त्याने हात डोक्यावर नेले की सीमा ओलांडली जाते आणि पाट त्याला सांभाळायचं सोडून देतो.

आता कुणीतरी पाट धरायला हवा. ‘धरणे’ हे क्रियापद इथे खरं होतं. दोन प्रेक्षक दोन टोकांना गुडघ्यावर बसून कडेवर तळवे ठेवतात तेव्हाच नर्तक उभा राहून हात वर करू शकतो. त्यांच्याशिवाय ती मुद्रा टिकतच नाही. प्रेक्षकाला नुसतं सोबत घेतलं असं दाखवायचं नसेल, तर अशी गरज शिल्पातच बांधावी लागते. मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

पहिल्यांदा धरणारा माणूस काय करतो ते निरखून बघा. आधी तो बोटांच्या टोकांनी कड धरतो. नर्तक उठू लागला की पाट किंचित दबतो, आणि धरणाऱ्याची बोटं नकळत मिटून पूर्ण तळवा लाकडाला लागतो. मग खांदे खाली येतात, श्वास थांबतो. नर्तक हात वर नेतो तसतसा त्याच्या पायातला बारीक कंप कडेपर्यंत येतो आणि धरणारा न सांगता त्या कंपाला उत्तर देऊ लागतो: इकडे जरासा जोर, तिकडे जराशी ढील. समोरच्या टोकाला बसलेल्या अनोळखी माणसाकडे तो आता बघतो, कारण दोघांचा जोर जुळायला हवा. पाहणाऱ्यांना इथे तिघांचं नृत्य दिसत असतं. तिसरा पाटावर आहे आणि बाकी दोघांना आपण नाचतो आहोत याचा पत्ताही नाही.

सुरक्षिततेसाठी पाटाखाली दोन्ही टोकांपासून थोडे आत, रबर लावलेले लाकडी ठोकळे बसवा. १५ अंश कलल्यावर ते जमिनीला टेकून पाट थांबवतील एवढी त्यांची उंची हवी. या मापांत तेव्हा पाटाची कड जमिनीपासून सुमारे १० सेंमीवर थांबते, त्यामुळे धरणाऱ्याची बोटं चिरडत नाहीत. भोवती दीड-दोन मीटर पातळ गाद्या किंवा मऊ नृत्यफरशी घाला. वजन वेगळं, नर्तक उंच किंवा प्लायवूड जाड असेल तर हिशेब पुन्हा करा. शेवटी खरी मापं तालमीतच ठरतात. त्यासाठी कमानीच्या फळ्या आधी कमी त्रिज्येच्या न कापता मोठ्या त्रिज्येच्या कापा: मोठी त्रिज्या म्हणजे स्थिर पाट. ८० ऐवजी ९०ने सुरुवात करून नर्तकाला सराव झाला की नव्या फळ्या कापणं शहाणपणाचं.

उभ्या शिल्पाचा हिशेब

शिल्प उंच आणि उभं असेल तर एक गणित टाळता येत नाही. ६० किलोचं शिल्प ८० सेंमी रुंद पायावर उभं आहे आणि कुणी दीड मीटर उंचीवर ढकलतं आहे असं समजा. वजन गुणिले पायाची अर्धी रुंदी, भागिले ढकलण्याची उंची: ६० × ४० ÷ १५०, म्हणजे १६. साधारण १६ किलोच्या जोराने ते उलटतं. मोठा माणूस नुसता खांदा टेकवून रेलला तरी एवढा जोर सहज लागतो. आता पायाची रुंदी १६० सेंमी करून तळात ४० किलोचं वजन घाला: १०० × ८० ÷ १५०, म्हणजे ५३ किलो. वजन नेहमी तळात घाला, वर नको. नर्तक धावत येऊन आदळणार असेल तर हिशेबाच्या तिप्पट राखीव ठेवा किंवा शिल्प जमिनीला बोल्टने पक्कं करा.

उडी मारून उतरताना पायाखाली शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो. दोराला लोंबकळून ६० अंशांपासून झोका घेतला तर सर्वांत खालच्या बिंदूला दोरावर दुप्पट वजन येतं आणि ९० अंशांपासून घेतला तर तिप्पट. माणसाला वर टांगायचा विचार असेल तर मंचावर टांगकाम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाशिवाय हात घालू नका. माणसासाठी दहापट राखीव ताकद धरायची त्यांची पद्धत असते आणि त्यामागे कारण असतं.

सांधे, कडा, कातडी

साहित्य निवडताना नर्तकाची कातडी आणि घाम आधी आठवा. लाकूड सर्वांत दयाळू आहे, मात्र कुसळ काढायला १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबू नका, २२० पर्यंत जा. मग जुना नायलॉनचा मोजा हातात घालून सगळीकडून फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे कुसळ आहे. सगळ्या कडा किमान १ सेंमी गोल मारा. लोखंडाचे वेल्ड घासल्यावर तळवा फिरवू नका, मनगटाची आतली बाजू फिरवा. तिथली कातडी पातळ असते आणि खरं सांगते. फायबरग्लास उघडा ठेवायचा असेल तर त्यावर रेझिनचा अखंड थर हवा, नाहीतर सूक्ष्म तंतू नर्तकाच्या अंगात शिरून दिवसभर खाजवतात.

नर्तकाच्या शरीराचा साचा घ्यायचा असेल तर आत अल्जिनेट (दातांचे साचे घ्यायला वापरतात तसा मऊ लगदा) आणि वरून प्लास्टरच्या पट्ट्या वापरा. नुसतं प्लास्टर ऑफ पॅरिस जाड थरात थेट अंगावर कधीही ओतू नका. घट्ट होताना ते इतकं तापतं की कातडी गंभीर भाजते, आणि तोवर हात बाहेर काढता येत नाही.

हलणाऱ्या सांध्यांना साधे नट चालत नाहीत. थरथरीने ते सैल होतात. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे) आणि दोन्ही बाजूंना वॉशर लावा. मुलांच्या मैदानी खेळसाधनांच्या मानकांतून दोन मापं घ्या: ८ ते २५ मिमीच्या फटीत बोट अडकतं आणि ९ ते २३ सेंमीच्या उघडीपीत लहान मुलाचं डोकं. शिल्पात या मापांची मोकळी जागा राहू देऊ नका.

शिल्पकार रॉबर्ट मॉरिस यांचं लंडनच्या टेट गॅलरीतलं १९७१चं प्रदर्शन या कामातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. प्रेक्षकांनी चढावं, तोल सांभाळावा, ओढावं अशा लाकडी तक्त्यांच्या आणि दोरांच्या रचना होत्या. लोक इतक्या उत्साहाने तुटून पडले की दुखापती होऊ लागल्या आणि पाच दिवसांत प्रदर्शन बंद करावं लागलं. २००९ मध्ये टेट मॉडर्नमध्ये त्याच रचना अधिक सुरक्षित साहित्यात पुन्हा उभ्या राहिल्या. कल्पनेत खोट नव्हती. माणसांच्या आनंदाचा जोर हिशेबात कमी धरला गेला होता.

नृत्य बसवताना: मात्रा नको, नियम हवेत

ठरलेल्या मात्रांवर बसवलेलं नृत्य प्रेक्षकाच्या हातात गेलं की मोडतं, कारण प्रेक्षक मात्रा मोजत नाही. त्याऐवजी नियमांची वही करा. डोलपाटासाठी माझे नियम असे आहेत: चार तळवे कडेवर नसतील तर नर्तक उभा राहत नाही, एक तळवा उचलला की दोन श्वासांत गुडघे वाकतात, दोघांनी सोडलं की नर्तक बसतो आणि सोडणाऱ्याच्या दिशेने डोलतो, दोन्ही टोकांवर बराच वेळ कुणी आलं नाही तर नर्तक पाटावर आडवा होऊन एकट्याने डोलत राहतो. त्यात अगतिकता दिसू देत नाही. तो भाग प्रेक्षकाविनाही पूर्ण वाटला पाहिजे.

पहिले दोन नियम पुन्हा वाचा. तालीम नेहमी ‘प्रेक्षक आत्ता सोडून देणार’ हे धरूनच करायची. नर्तकाचा जीव अनोळखी माणसाच्या हातात देऊ नये. त्याच्या हातात फक्त ती मुद्रा टिकण्याची जबाबदारी द्यावी.

हालचालींचा साठा करायला नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांची हालचालीची चार अंगं उपयोगी पडतात: वजन, वेळ, अवकाश आणि ओघ. शिल्पाच्या प्रत्येक भागाशी एकेक अंग उलटसुलट करून बघा. तोच पाट, पण हलक्या पायाने, मग सगळं वजन टाकून, मग झटक्यात, मग लांबवत. आठ-दहा तालमींत चाळीसेक हालचाली जमतात. त्यातल्या बारा ठेवा.

संथपणाला घाबरू नका. शिल्पाची स्वतःची गती असते आणि नर्तकाने ती ऐकावी. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या १९६८च्या ‘रेनफॉरेस्ट’मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या हेलियम भरलेल्या रुपेरी उशा मंचावर तरंगतात. त्या कुठे जातील हे कुणालाच ठाऊक नसतं आणि नर्तक त्यांच्यामधून वाट काढतात. याउलट २००८च्या ‘सूत्र’मध्ये नृत्यरचनाकार सिदी लार्बी शेरकावी आणि शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी शाओलिन भिक्षूंबरोबर २१ लाकडी पेट्या घेतल्या. भिक्षू त्या उचलतात, रचतात, आत झोपतात, पाडतात. एका टोकाला वस्तू माणसाला हलवते, दुसऱ्या टोकाला माणूस वस्तूला. तुमचं शिल्प यांतल्या कोणत्या टोकाजवळ आहे, हे ठरलं की अर्ध्या हालचाली आपोआप गळतात.

संमती आणि मर्यादा

परफॉर्मन्स कलाकार मरिना अब्रामोविच यांनी १९७४ मध्ये नेपल्समध्ये सहा तास स्वतःला प्रेक्षकांच्या स्वाधीन केलं आणि टेबलावर ७२ वस्तू ठेवल्या. लोकांनी त्यांचे कपडे कापले, पिस्तूलही रोखलं गेलं. तो प्रयोग मर्यादा काढून टाकल्या की काय होतं हे पाहण्यासाठीच होता. तुमचा तो हेतू नसेल तर मर्यादा आधीच आखा. शिल्पाला हात लावायचा, नर्तकाला नाही. हे बोलून सांगण्यापेक्षा पहिल्या पाच मिनिटांत दाखवा: साथीदार नर्तक प्रेक्षकांमधून उठून पाट धरतो, कसा धरायचा ते सगळे बघतात.

बोलावणं डोळ्यांनी द्यावं आणि नकारही डोळ्यांनी घेता यावा. नजर मिळाली, नर्तकाने तळवा उघडा केला, समोरच्याने मान हलवली किंवा नजर खाली घेतली, विषय संपला. नजर खाली घेतलेल्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. गुडघ्यावर बसता येत नाही त्यांच्यासाठी पाटाच्या कडेपासून कमरेच्या उंचीपर्यंत येणारे दोन दोर बांधून ठेवा. खुर्चीत किंवा चाकांच्या खुर्चीत बसून दोर धरणारा माणूस पाट तितकाच नीट सांभाळतो. दृष्टिहीन प्रेक्षकांना प्रयोगाआधी दहा मिनिटं शिल्प हाताळू द्या. माझ्या अनुभवात त्यांचे हात नर्तकाच्या वजनाला सर्वांत अचूक उत्तर देतात.

अनोळखी माणसांबरोबर तालीम

यासाठी किमान तीन तालमी राखून ठेवा. मित्र आणि कलाकार नकोत. त्यांना काय अपेक्षित आहे ते कळतं. पाच-सहा अनोळखी माणसं बोलवा, काहीही न सांगता प्रयोग करा आणि एकाने फक्त त्यांचे हात बघावेत. हात कुठे गेले, किती वेळ थबकले, कुठे चुकले हे लिहावं. पहिल्या तालमीनंतर शिल्प बदला, दुसरीनंतर नियम बदला, तिसरीनंतर फक्त प्रकाश आणि उभं राहण्याच्या जागा. उलट क्रमाने गेलात तर शेवटच्या आठवड्यात पुन्हा कापाकापी करावी लागते.

संवेदक, ध्वनी, प्रकाश हे सगळं यानंतर, आणि खरी गरज असेल तरच. लाकडाला चिकटवलेला पिझो मायक्रोफोन (हवेतला आवाज न टिपता वस्तूतला कंप टिपणारा) हा माझा आवडता उपाय: पाटाची करकर, तळव्यांची घसट, पायांचा कंप सभागृहभर ऐकू येतो आणि प्रेक्षकाच्या स्पर्शाला आवाज मिळतो. संगणकातून प्रतिसाद देणार असाल तर स्पर्श आणि प्रतिसाद यांत दशांश सेकंदाहून जास्त अंतर पडू देऊ नका. त्यापुढे माणसाला हे आपल्यामुळे झालं असं वाटत नाही. आणि वीज गेली तरी प्रयोग चालला पाहिजे.

प्रयोगाच्या दिवशी

शिल्प बनवायच्या आधीच दारांची, जिन्यांची आणि लिफ्टची रुंदी मोजलेली असावी. दिवसाची सुरुवात पान्याने करा: प्रत्येक बोल्ट तपासायचा आणि तपासलेल्या बोल्टवर मार्करने रेघ मारायची. रेघ सरकलेली दिसली की नट सैल झालाय हे पुढच्या वेळी लांबूनही कळतं. मग सर्वांत जड माणसाच्या दुप्पट वजनाच्या वाळूच्या पिशव्या पाटावर ठेवून तो हाताने दहा वेळा डोलवा आणि कान देऊन ऐका. नवा आवाज आला तर तो कुठून येतो हे सापडेपर्यंत कुणी चढायचं नाही.

एक माणूस फक्त थांबवण्यासाठी हवा. तो नाचत नाही, प्रकाश बघत नाही, फोटो काढत नाही. त्याचा एक ठरलेला शब्द असतो आणि तो ऐकताच नर्तक खाली बसतो. हा शब्द प्रत्येक तालमीत एकदा तरी अचानक वापरा, म्हणजे अंगाला सवय लागते.

प्रत्येक प्रयोगानंतर पाट ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा आणि उजेडात कड बघा. आठ-दहा प्रयोगांनंतर पॉलिश ठरावीक जागी उडू लागतं. ते टोकांच्या मधोमध उडत नाही, थोडं डावीकडे आणि उजवीकडे उडतं. लोक खरोखर धरतात त्या जागा त्या. तिथे पुन्हा पॉलिश लावू नका. फक्त कुसळ काढा, तेलाचा हात फिरवा आणि कमरेपर्यंत येणारे दोर आधीच्या जागेवरून सोडवून त्या झिजलेल्या जागांवर बांधा.